जनुक आणि कर्करोगाचं प्रोग्नोसिस (रुग्णाचं भवितव्य): आलेख मिळाल्यानंतरचं काम

माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर एक आलेख आधीच तयार असतो. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या दोन रेषा, एक लाल, एक निळी. ज्यांच्या गाठीत विद्यार्थ्याने निवडलेलं जनुक जास्त व्यक्त झालं, म्हणजे जास्त सक्रिय होतं, ते रुग्ण कमी जगले, आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या आत. काळानुसार किती रुग्ण जिवंत राहिले हे दाखवणारा हा कॅप्लन-मायर आलेख गेपियासारख्या मोफत साइटवर जनुकाचं नाव टाकताच मिळतो. त्यामागे टीसीजीए हा २००६ साली अमेरिकेत सुरू झालेला प्रकल्प आहे: ३३ प्रकारचे कर्करोग, ११ हजारांहून अधिक रुग्ण, आणि जनुक-अभिव्यक्तीचे (कुठलं जनुक किती व्यक्त झालं याचे) आकडे कुणालाही खुले.

मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा विचारते ते हे, की रुग्णांचे दोन गट कुठल्या आकड्यावर पाडले? मध्यकावर पाडले असतील तर ठीक. पण काही साइट 'सर्वोत्तम कटऑफ' शोधून देतात, म्हणजे अनेक ठिकाणी कापून पाहतात आणि सगळ्यात लहान पी-व्हॅल्यू देणारी जागा निवडतात. इतक्या वेळा कापून पाहिलं की कुठेतरी फरक दिसणारच, त्यामुळे ती पी-व्हॅल्यू जशीच्या तशी धरता येत नाही. कटऑफ आलेख पाहण्याआधी ठरवा. त्याहून बरं म्हणजे गट पाडूच नका. अभिव्यक्तीचा आकडा सलग स्वरूपातच कॉक्स मॉडेलमध्ये (अनेक घटकांचा जगण्याच्या काळाशी संबंध एकत्र मोजणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीत) घाला.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्तनाच्या कर्करोगावर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यादृच्छिक निवडलेल्या जनुकांचे संचही रुग्णाच्या जगण्याशी जोडलेले दिसले. जेवणानंतर हसल्यामुळे बदलणाऱ्या जनुकांचा संचसुद्धा! कारण या गाठींमधली असंख्य जनुकं पेशी किती वेगाने विभागतायत याच्याशी कमीअधिक बांधलेली असतात, आणि तो वेग रुग्णाच्या भवितव्याशी. म्हणून तुमचं जनुक वेगळं काही सांगतंय की विभाजनाचा वेगच पुन्हा सांगतंय, हे तपासायलाच हवं. वय, स्टेज, उपप्रकार आणि एमकेआय६७ या जनुकासारखं विभाजनाचं मोजमाप एकाच मॉडेलमध्ये घ्या. त्यानंतरही हॅझार्ड रेशो (त्या जनुकामुळे धोका किती पट दिसतो तो आकडा) टिकला, तर पुढे जायला आधार आहे. मात्र मृत्यूंची संख्या थोडी असताना मॉडेलमध्ये दहा गोष्टी कोंबू नका. दर घटकामागे निदान दहा घटना हा जुना ढोबळ नियम सुरुवातीला पुरतो.

घटना म्हणजे काय धरायचं, मृत्यू की रोगाचं बळावणं, हेही आधीच ठरवा. टीसीजीएमधल्या स्तन कर्करोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा तुलनेने कमी काळाचा आहे, मृत्यू थोडे आहेत. तिथे एकूण आयुष्यमानापेक्षा रोग बळावेपर्यंतचा काळ घेणं जास्त भरवशाचं.

साइटवरून डेटा स्वतःच्या हातात घेतलात की टीसीजीएच्या नमुन्यांचे बारकोड (प्रत्येक नमुन्याचा ओळखक्रमांक) वाचायला शिका. चौथ्या भागात ०१ म्हणजे मूळ गाठ, ११ म्हणजे शेजारची निरोगी ऊती. सर्व्हायव्हलच्या विश्लेषणात ११ चे नमुने शिरले की सगळं गढूळ होतं, आणि आर (आकडेवारीसाठी वापरली जाणारी संगणकभाषा) कुठलीही एरर दाखवत नाही. (आर येत नसेल तर मशीन लर्निंगच्या मागे लागण्याआधी त्यातलं 'सर्व्हायव्हल' पॅकेज नीट शिका, फार उपयोगी पडतं.)

मग निष्कर्ष दुसऱ्या, स्वतंत्र रुग्णगटावर तपासा. स्तन कर्करोगासाठी सुमारे दोन हजार रुग्णांचा मेटाब्रिक हा डेटासंच सीबायोपोर्टल या खुल्या साइटवर आहे. तो मायक्रोअ‍ॅरेचा, म्हणजे अभिव्यक्ती मोजण्याच्या वेगळ्या तंत्राचा, डेटा असल्याने टीसीजीएमधला कटऑफचा आकडा तिथे लावू नका. दिशा तीच येते का, ते पाहा.

एवढं करूनही हाती येतो तो संबंध, कारण नव्हे. शिवाय गाठीच्या तुकड्यात कर्कपेशींसोबत प्रतिकारपेशी आणि रक्तवाहिन्याही असतात, त्यामुळे जनुकाचा आवाज नेमका कुणाचा हे एकेक पेशी वेगळी मोजणाऱ्या डेटातून जास्त नीट उलगडतं. जनुक बंद केल्यावर कर्कपेशी मरतात का, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींवरच्या प्रयोगांचा डेटा देणाऱ्या डेपमॅप साइटवर पाहता येतं. तिथे काहीच दिसलं नाही तरी ते जनुक चांगलं मार्कर (रुग्णाच्या भवितव्याची खूण) असू शकतं. फक्त 'कर्करोग वाढवणारं जनुक' असं लिहू नका.

ट्यूमर मार्करच्या अभ्यासांसाठी २००५ पासून 'रिमार्क' नावाची मार्गदर्शक यादी आहे. ती पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. किती रुग्ण वगळले, का वगळले, कटऑफ कसा ठरला, पॅकेजची आवृत्ती कोणती, हे त्या त्या वेळीच वहीत उतरवा. सहा महिन्यांनी परीक्षक नेमकं हेच विचारतात.