रोजच्या गाडीला लो-बूस्ट टर्बो लावायचाय? आधी ऑइल परत कसं येणार ते ठरवा

रोज कामावर जायची गाडी, साधं पेट्रोल इंजिन, त्याला छोटा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) लावून ५-६ पीएसआय बूस्टवर, म्हणजे तेवढ्या जादा दाबावर चालवायची, एवढ्यापुरताच हा प्लॅन आहे. ज्यांना रेस मारायची त्यांनी इथूनच वळावं. हवेचा नेहमीचा दाब १४.७ पीएसआय, त्यावर अजून ६ दिले की साधारण १.४ पट होतो, म्हणजे कागदावर ४० टक्के जास्त हवा. पण हवा दाबली की तापते, एक्झॉस्ट पण थोडा तुंबतो, त्यामुळे पदरात पडतं ते त्याहून कमीच. २५-३० टक्के पॉवर वाढली तरी रोजच्या गाडीत भरपूर झालं, चढावर सारखा गियर पाडावा लागत नाही हेच खरं सुख.

आधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो आणि किती गळतो ते बघा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फारच खाली असेल तर टर्बोचे पैसे इंजिनात घाला, विषय संपला. मॉडिफिकेशन नियमात बसतं का आणि इन्शुरन्सवाले काय म्हणतात ते पण आत्ताच विचारा, नंतर नाही.

कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) १० च्या वर असेल तर टर्बो चालतच नाही असं छातीठोक सांगणारे हमखास भेटतात. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर १०.२५ रेशो आणि ५ पीएसआयच्या आसपास बूस्ट घेऊन थेट कंपनीतून निघाली होती की! फक्त नॉकिंग, म्हणजे दाबामुळे पेट्रोल अवेळी भडकणं, होऊ नये म्हणून तिला वेगळ्या टाकीतून पाणी-मिथेनॉल पाजावं लागायचं आणि लोक ती टाकी भरायलाच विसरायचे. आता टायमिंग मागे घेणं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडणं, ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) हातात आहे, त्यामुळे दहाच्या आसपासचं इंजिन एवढा बूस्ट झेपवतं, ट्यून नीट असेल तर. ११ च्या पुढे मी स्वतः हात लावत नाही.

टर्बो छोटा घ्या, आपल्याच साइजच्या कंपनी-टर्बो पेट्रोल गाडीचा. डिझेलचा लावू नका, कितीही स्वस्त मिळू दे, पेट्रोलचा एक्झॉस्ट बराच जास्त गरम असतो. वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून बूस्ट आवरणारी झडप) स्प्रिंग ५-६ पीएसआयचीच असू द्या. स्प्रिंगच्या आकड्याच्या खाली कुठलाही बूस्ट कंट्रोलर बूस्ट आणू शकत नाही, त्यामुळे १० ची स्प्रिंग घेऊन "कमी करून घेऊ" हे चालत नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. टर्बो कुठे बसणार हे बॉनेटखाली जागा कुठे आहे त्यावरून ठरवू नका, ऑइल परत कुठून जाणार त्यावरून ठरवा. सगळे आधी मॅनिफोल्ड (इंजिनातून टर्बोपर्यंत एक्झॉस्ट नेणारा पाइप) बनवतात, टर्बो लटकवतात आणि शेवटी ऑइल रिटर्नची नळी "घेऊ कुठूनतरी". मीही तेच केलं होतं. माझी नळी इंजिन माउंट चुकवायला थोडी खाली जाऊन परत वर चढत होती, आणि चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, भोक पाडलं होतं ते ऑइलच्या लेव्हलच्या खाली, कारण तिथे हात सहज पोचत होता. रस्त्यावर गाडी मस्त, पण सिग्नलला दोन मिनिटं उभी राहिली की निघताना मागे निळा धूर, इतका की मागचे हॉर्न मारायचे. टर्बोवाला म्हणाला सील गेलं. सील बदललं, धूर तसाच. परत बदललं, परत तसाच. तिसऱ्यांदा टर्बोच नवीन घ्यायला निघालो होतो तेव्हा एकदाची ती नळी नीट बघितली.

होतं असं की टर्बोमध्ये ऑइल जातं पंपाच्या प्रेशरने, पण बाहेर पडतं ते हवा मिसळून फेस झालेलं आणि मागे प्रेशर शून्य. ते उतरतं फक्त स्वतःच्या वजनाने. नळीत वळसा असला की तिथे ऑइल साचतं, मग बेअरिंगची जागा भरते. आणि टर्बोतलं सील म्हणजे क्रँकच्या रबरी सीलसारखं नव्हे, ती पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते, तुंबलेलं ऑइल तिला अडवताच येत नाही. आयडलिंगला टर्बोत उलट दाबही नसतो, म्हणून धूर सिग्नललाच. सील चांगलंच होतं माझं, दोन्ही वेळा!

त्यामुळे माझे नियम ऐका. रिटर्नची नळी आतून १६ मिमीच्या आसपास, शक्य तितकी सरळ खाली, आणि कुठेही वर चढता कामा नये, एक सेंटीमीटरपण नाही. चेंबरमध्ये शिरेल ती ऑइल लेव्हलच्या वरून. टर्बोचा मधला भाग असा फिरवून बसवा की ऑइलचं तोंड बरोबर जमिनीकडे येईल. तिथे सिलिकॉन सीलंट लावू नका, गॅस्केट वापरा, सीलंटचा पापुद्रा सुटून भोक बुजवतो. रेडिएटरचा होज तर नकोच, ऑइलने तो फुगतो, ऑइल आणि उष्णता दोन्ही सोसणाराच घ्या. आणि चेंबर खाली उतरवूनच भोक पाडा, नट वेल्ड करा. ड्रिलला ग्रीस लावलं की कीस आत पडत नाही म्हणणाऱ्याला स्वतःच्या गाडीवर करून दाखवायला सांगा.

टर्बो एवढा खाली आला की उतारच मिळत नाही, तर ऑइल ओढणारा वेगळा पंप लावतात. रोजच्या गाडीत मी लावणार नाही, तो पंप बंद पडला की ट्रॅफिकमध्ये परत तोच धूर. जागा बदला, मॅनिफोल्ड परत बनवा.

अजून एक, पीसीव्हीच्या लाइनमध्ये (इंजिनाच्या खालच्या भागातला, म्हणजे क्रँककेसमधला, वायू परत इनटेकला नेणारी नळी) चांगला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, हवाच. नाहीतर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो, खालून दाब येतो आणि एवढी सरळ केलेली नळीही उतरू देत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

६ पीएसआयला इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) लागत नाही म्हणतात. ३० अंशाची हवा साध्या टर्बोतून निघते तेव्हा ७५-८० अंशाला गेलेली असते, लागतो. छोटा चालेल, पण समोर वाऱ्यात.

फ्युएलला नुसता प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर लावून भागवायचा जुना जुगाड करू नका, टायमिंगचं काय करणार? ईसीयूला बूस्ट समजला पाहिजे, म्हणजे निदान २ बारचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) आणि खरी ट्यूनिंग. इंजेक्टरचा हिशेब सोपा आहे: १५० एचपी, चार सिलिंडर, ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण) धरली तर मिनिटाला ३०० सीसीच्या आसपासचे लागतात. बूस्टमध्ये मिक्सचर ११.५ ते १२ ठेवा, म्हणजे एक भाग पेट्रोलला वजनाने तेवढे भाग हवा, आणि ते मोजायला वाइडबँड सेन्सर घ्या, गाडीतला नॅरोबँड सेन्सर १४.७ च्या मिक्सचरच्या आसपासच खरं बोलतो. दर पीएसआयला एक डिग्री टायमिंग मागे, ही फक्त सुरुवात, पुढचं ट्यूनर नॉक बघून ठरवेल. स्पार्क प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), गॅप ०.७-०.८ मिमी. क्लच घसरतो का ते चढावर कळेलच.

पहिल्यांदा चालू करताना इग्निशन आणि फ्युएल बंद ठेवून नुसता सेल्फ मारा, ऑइल प्रेशर आलं की मगच स्टार्ट. दहा मिनिटं आयडल, मग दोन मिनिटं बंद, परत चालू, मागे उभं राहून धूर बघा. धूर दिसला तर टर्बोवाल्याला फोन करू नका, आधी गाडीखाली जाऊन नळी बघा. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढा, आणि त्याच वेळी सगळे क्लॅम्प परत एकदा आवळा, एखादा तरी सैल झालेला असतोच.