वायफाय ६चा राऊटर: घेण्याआधी आणि बसवताना

"ताई, तुमचं नेट गोल गोलच फिरून रायलं ना वो!" पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत हे मी दिवसातून वीसदा ऐकायची. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. फायबर घरात आलेलं, प्लॅन १०० एमबीपीएस स्पीडचा, पण ओसरीत पंधरा-वीस माणसं जमली की माझ्याच लॅपटॉपवर पोर्टल उघडेना. मागच्या हंगामाआधी वायफाय ६चा, म्हणजे वायफायच्या सहाव्या पिढीचा, राऊटर आणला. फायदा झाला, पण दुकानदारानं सांगितला तो नाही.

राऊटर घेण्याआधी दोष कुठे आहे ते बघा. लॅपटॉपला लॅनची तार लावून स्पीड टेस्ट करा. तारेवरच स्पीड नसेल तर राऊटर बदलून काही होत नाही, लाइनवाल्याला फोन करा. तारेवर नव्वदच्या वर आणि वायफायवर पस्तीस येत असेल तर मात्र राऊटर किंवा त्याची जागा चुकते आहे. वायफायच्या लहरींचे मुख्य पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. माझा जुना राऊटर नुसता २.४चा होता. फोन जोडला की लिंक, म्हणजे राऊटरशी जोडणीचा कागदावरचा वेग, ७२ एमबीपीएस दाखवायचा, हाती निम्मं यायचं, आणि तेही सगळ्यांत वाटून.

आता नवं काय ते. वायफाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालतं. तो पट्टा वेगवान, पण आमच्या मागच्या खोलीच्या हातभर जाड मातीच्या भिंतीपुढे हात टेकतो. भिंत ओलांडतो तो २.४चा पट्टा, आणि वायफाय ६मध्ये सुधारणा या दोन्ही पट्ट्यांवर आल्या. दुसरी गोष्ट गर्दीची. जुन्या पद्धतीत एका वेळी एकाच फोनचा माल निघतो. कास्तकाराचं एकच गाठोडं असलं तरी अख्खी मेटाडोर त्याच्यासाठी जाते. वायफाय ६मध्ये एकाच फेरीत चार-पाच जणांची गाठोडी जातात. आमचं काम म्हणजे अंगठा, सातबारा, फॉर्म, सगळी लहान गाठोडीच. पण हे सुख फोनही वायफाय ६चा असेल तरच. जुने फोन नव्या राऊटरवर जुन्याच चालीनं चालतात, आणि ओसरीतले निम्मे फोन तसलेच. मला खरा फायदा झाला तो लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर एकटा नेला म्हणून. तो तारेवरच ठेवला असता तर अर्धं काम फुकटात झालं असतं, हे नंतर सुचलं.

दुकानात खोक्यावर 'एएक्स १५००' दिसेल. ती दोन्ही पट्ट्यांची कागदावरची बेरीज आहे, साधारण ३०० आणि १२००. कोणत्याही एका फोनला १५०० मिळत नाही. त्यापेक्षा मागची पोर्टं गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची, आहेत का आणि डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या पासवर्डची नवी सुरक्षा, आहे का, ते विचारा. वायफाय ७ची उपकरणं २०२४पासून प्रमाणित व्हायला लागलीत, पण गावात आज त्यावर पैसे घालू नका.

माझी फजिती तारेत झाली. राऊटरबरोबर प्लॅनही २०० केला, आणि स्पीड ९४वर अडून बसला. फायबरची लाइन ज्या डब्यात येते त्याला लॅपटॉप थेट नव्या तारेनं जोडला तर १९०. दोन दिवस राऊटरला शिव्या घातल्या. मग डब्याहून राऊटरकडे येणाऱ्या जुन्या तारेची क्लिप उजेडात धरली. आत आठ तारा हव्यात, होत्या चारच! बाकीच्या चार मीच कधीतरी कापल्या होत्या, उंदरानं कुरतडल्या म्हणून. चार तारांवर १०० एमबीपीएसच्या पुढे गाडी जात नाही. आठ तारांची नवी केबल लावली आणि काम झालं.

जागेचं म्हणाल तर राऊटर लोखंडी कपाटावर ठेवू नका, आणि उन्हाळ्यात कूलरच्या मागे तर नकोच. पत्र्याचा सांगाडा आणि आतलं पाणी, दोन्ही सिग्नल अडवतात. माझ्या टेबलाच्या आणि राऊटरच्या मधोमध एप्रिलपासून कूलर उभा असायचा, आणि मी दरवर्षी म्हणायची की उन्हानं नेट मंदावतं. आता राऊटर ओसरीच्या दारावर, डोक्याच्या वर, टिनापासून दूर लावलाय.

सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या. आलेल्या लोकांसाठी गेस्ट नेटवर्क करा, त्याचा पासवर्ड भिंतीवर लिहिला तरी चालेल. तुमचा मात्र कोणाला देऊ नका. माझा प्रिंटर डब्ल्यूपीए३वर जोडेना, तेव्हा डब्ल्यूपीए२ आणि ३ असं मिश्र ठेवलं. २.४चं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्याचं नसेल ते घ्या.

मामाजींच्या मागच्या खोलीत जुनाच राऊटर तारेनं जोडलाय, त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोनांना नेटवर्कवरचे पत्ते वाटायचं काम, बंद करून. त्यांना कीर्तन ऐकायला तेवढं पुरतं.

लाइट गेली की राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालू राहायला हवेत, म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. दोन्ही अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या, माझा डबा एकट्या राऊटरइतकंच करंट खातो. आणि मृगात वीज कडाडायला लागली की सगळ्या पिना भिंतीतून काढा, रांगेत कोणी कितीही ओरडलं तरी.