काढणीचा टक्का किती झाला यापेक्षा तो कुठं अडकलाय ते बघा

सप्टेंबर लागला की ग्रुपवर मेसेज सुरू होतात, अमेरिकेत मका एवढे टक्के निघाला, युक्रेनमध्ये मळणी जोरात, ब्राझीलवाले सोयाबीन पेरायला लागले पण, आता माल येणार, विकून मोकळे व्हा. यातला आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. घोळ होतो तो त्याचा अर्थ लावताना, आणि त्या घाईत लोक आपलं स्वतःचं पीक ओलं असतानाच काढून टाकतात किंवा तयार असून उभं ठेवतात.

आधी हा टक्का नेमका कशाचा ते बघू. अमेरिकेचं कृषी खातं म्हणजे यूएसडीए, ते एप्रिलपासून नोव्हेंबर अखेरपर्यंत दर सोमवारी क्रॉप प्रोग्रेस नावाचा रिपोर्ट काढतं, तिकडच्या दुपारी चारला, भारतात तेव्हा मंगळवारचे रात्रीचे दीड वाजलेले असतात (नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की अडीच). रविवारपर्यंतची परिस्थिती त्यात असते. गावोगावचे हजारो निरीक्षक आपापल्या भागाचा अंदाज कळवतात, मग राज्यांची सरासरी काढताना ज्याचं क्षेत्र जास्त त्याला वजन जास्त. म्हणजे 40 टक्के याचा अर्थ 40 टक्के क्षेत्रावरून पीक निघालं एवढाच. किती टन निघाला, दाणा भरला का पोचट, उतारा म्हणजे एकरी उत्पादन काय पडलं, यातलं काहीच तो आकडा सांगत नाही. उताऱ्याचा अंदाज वेगळा येतो, महिन्यातून एकदा.

दुसरी गोष्ट म्हणजे हा देशाचा एकच आकडा सुरुवातीला फसवा असतो. टेक्सास, लुइझियाना इकडचा मका जुलै-ऑगस्टमध्येच निघायला लागतो, त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जो टक्का दिसतो तो मुख्यतः दक्षिणेचा. आणि आयोवा अन इलिनॉय, जिथं देशातला जवळपास तिसरा हिस्सा मका पिकतो, तिथं तेव्हा मशिन शेडमधून बाहेर पण आलेलं नसतं. म्हणून त्याच रिपोर्टमधला राज्यवार तक्ता उघडायचाच, देशाचा आकडा मी तरी सगळ्यात शेवटी बघतो. तक्त्यात मागचा आठवडा, मागचं वर्ष आणि पाच वर्षांची सरासरी शेजारी शेजारी दिलेली असते, त्यातली सरासरी धरून चाला. मागच्या वर्षाशी तुलना करण्यात फारसा अर्थ नाही, मागचं वर्षच विचित्र गेलं असेल तर?

काढणीच्या रकान्याबरोबर पक्वतेचा रकाना पण बघा. मक्याला तिथं मॅच्युअर म्हणतात आणि सोयाबीनला पानगळ. खरी माहिती या दोन रकान्यांच्या फरकात असते. पीक पक्व झालंय पण काढणी मागे आहे, म्हणजे पावसाने रान ओलं आहे किंवा दाणा वाळायची वाट बघताहेत. पक्वताच मागे असेल तर पेरणीच उशिरा झाली होती, आणि अशा वर्षी लवकर पडलेली थंडी खरं नुकसान करते, कारण दाणा भरत असतानाच झाड मरतं. 2019 चं उदाहरण घ्या, वसंतात पाऊस थांबेना, पेरण्या लांबल्या, पुढे शरदात पण ओल, आणि नॉर्थ डकोटामध्ये कितीतरी मका बर्फात उभा राहिला, तो 2020 च्या वसंतात काढला. त्या वर्षी नोव्हेंबरला संपणारा रिपोर्ट डिसेंबरपर्यंत चालवावा लागला. उलट 2024 ला मिडवेस्टमध्ये, म्हणजे आयोवा-इलिनॉयच्या पट्ट्यात, इतकं कोरडं होतं की सोयाबीनचा टक्का धडाधड वर गेला, चांगल्या कोरड्या आठवड्यात 20 टक्क्यांची उडी बसते. पण त्याच शरदात मिसिसिपी नदीचं पाणी खाली गेलेलं (2022 आणि 2023 लाही तेच), त्यामुळे मालवाहू होड्या कमी वजनाने भरायला लागल्या, म्हणजे शेतातून माल पटकन निघाला आणि पुढे तुंबला. नुसता काढणीचा टक्का बघणाऱ्याला हे कसं कळणार?

बाकी देशांचं मोजमाप वेगळं असतं, ते एकमेकांत मिसळू नका. युक्रेनवाले किती क्षेत्र मळलं आणि त्यातून किती टन आले ते दोन्ही देतात, ते बरंय, पण सुरुवात कोरड्या दक्षिणेकडून होते म्हणून पहिल्या पहिल्या उताऱ्यावरून पूर्ण देशाचा हिशेब मांडायचा नाही, त्यांचा मका डिसेंबरपर्यंत निघत असतो. कॅनडात सस्कॅचेवान प्रांताचा आठवड्याचा रिपोर्ट चांगला असतो. चीनमध्ये वर्षाच्या एकूण धान्यापैकी तीन चतुर्थांश शरदातच येतं, त्यामुळे तिकडे काढणीच्या दिवसांत झड लागली तर ती बातमी मोठी. ब्राझीलची कोनाब संस्था आठवड्याला पेरणी आणि काढणी दोन्हीचे टक्के देते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथून येणारा सोयाबीनचा टक्का हा पेरणीचा असतो, हे दर वर्षी कुणीतरी विसरतं. दक्षिण गोलार्धातला शरद मार्च ते मे, अर्जेंटिनाचं सोयाबीन तेव्हा निघतं. भारतात कृषी मंत्रालयाचे खरिपाचे आठवड्याचे आकडे पेरणीचे असतात, काढणीचा अंदाज घ्यायचा तर अॅगमार्कनेट या सरकारी वेबसाइटवर बाजार समित्यांची आवक बघावी लागते, पण आवक म्हणजे काढणी नव्हे, ज्याला साठवायची सोय आहे तो थांबतो.

सॅटेलाइटचं पण आता खूप चाललंय. सेंटिनेल-2 चे फोटो पाच दिवसांच्या अंतराने येतात, 10 मीटरचा एक ठिपका, फुकट. पेरणी आणि वाढ बघायला झकास, पण पीक पिवळं पडून वाळलं की उभं पीक आणि कापलेलं रान यातला फरक हिरवेपणाच्या नकाशात नीट दिसत नाही, आणि ढग असले की काहीच दिसत नाही. त्यासाठी रडारवाला सेंटिनेल-1 कामाला येतो, तो ढगातून बघतो, पण तो वाचणं सोपं नाही.

आता आपल्या रानाचं. बाहेरचा टक्का काही सांगो, काढणी ओलाव्यावर ठरते. सोयाबीन 13 ते 15 टक्के ओलाव्याला काढायला सगळ्यात सोयीचं. 95 टक्के शेंगांनी पक्व रंग धरला की कोरड्या हवेत पाच-दहा दिवसांत तिथं येतं. 11 च्या खाली गेलं की शेंगा तडकायला लागतात, आणि बहुतेक दाणे मशिनच्या पुढच्या कापणी पट्टीलाच सांडतात. म्हणून फार वाळलेलं असेल तर भर दुपारी मशिन घालू नका, सकाळी दव उडता उडता किंवा संध्याकाळी घाला, शेंग जरा चिवट असते तेव्हा. जास्त वाळवण्यात वजनाचं पण नुकसान आहे, 13 टक्क्यांचा 100 किलो माल 8 टक्क्यांवर गेला की साडेचौऱ्याण्णव किलोच उरतो. उलट 18 टक्क्यांचा 100 किलो वाळवून 13 वर आणला की 94 किलो भरतो, त्यामुळे ओल्या मालाला कुणी जास्त कटती लावत असेल, म्हणजे वजनात कापत असेल, तर आधी हा हिशेब घाला, मग बोला.

सांडलेलं मोजायची सवय लावा. मशिन पुढे गेल्यावर थांबायला सांगा, एक फूट बाय एक फूट चौकट टाका, खाली बसून भुसा बाजूला करून दाणे मोजा, तीन-चार जागी. चौरस फुटात सोयाबीनचे 4 दाणे म्हणजे एकरी साधारण 27 किलो गेलं (बारीक दाण्याच्या वाणात थोडं कमी), मक्याचे 2 दाणे म्हणजे 25 किलोच्या आसपास. ड्रायव्हर घाईत असतो, त्याला आकडा दाखवला की स्पीड कमी करतो, नाहीतर ऐकत नाही.

मक्यात दाण्याच्या बुडाला काळा थर दिसला की वाढ संपली, तेव्हा ओलावा 30 ते 35 असतो. मशिनने 20 ते 25 ला काढून ड्रायरने वाळवता येतं, ड्रायर नसेल तर रानातच वाळू द्या पण ताटांवर लक्ष ठेवा. पाच जागी वीस-वीस ताटं छातीच्या उंचीला धरून एका बाजूला ढकला, शंभरातली दहा किंवा जास्त मोडली, सरळ होईनात, तर ते रान आधी काढायचं, ओलावा जास्त असला तरी. वाऱ्याची वाट बघू नका. 10 ऑगस्ट 2020 ला आयोवात जे वादळ झालं त्यात लाखो एकर मका आडवा झाला, आडवं पीक काढताना मशिन रांगतं आणि पुढच्या सगळ्यांचा नंबर लांबतो. लांब साठवायचा मका 13 पर्यंत वाळवा, आणि 20 च्या वरचा ओला मका उबदार हवेत ट्रॉलीत रात्रभर दाबून ठेवू नका, गरम होतो आणि बुरशी लागते.

भाताचं थोडक्यात, लोंबीतले 80 ते 85 टक्के दाणे पिवळे झाले आणि ओलावा 20-25 असला की कापा, 24 तासांच्या आत वाळवायला घाला, 14 च्या वर साठवू नका. कापसाचा टक्का तर फार मनावर घेऊच नका, मशिनने वेचणारे एकदाच वेचतात आणि हाताने वेचणाऱ्यांचे तीन-चार वेचे होतात, तिथं अर्धं झालं म्हणजे काय हेच ठरत नाही.

एक तयारी अजून. हे रिपोर्ट बंद पण पडतात. अमेरिकेत सरकारी कामकाज ठप्प झालं तेव्हा 2013 च्या ऑक्टोबरमध्ये आणि परत 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर 2025 मध्ये, म्हणजे ऐन काढणीत, आठवड्याचा आकडाच नव्हता, आणि त्या काळात जे फिरत होते ते खासगी कंपन्यांचे अंदाज. असा मेसेज आला की आधी तारीख बघा, मग कुणाचा आकडा ते बघा, क्षेत्राचा आहे का टनाचा, काढणीचा का पेरणीचा. हे चार कळले नाहीत तर पुढे पाठवू नका, आणि आपल्या रानातले ओलावा मोजायच्या मीटरवरचे तीन ठिकाणचे आकडे वहीत लिहून मशिनवाल्याला फोन लावा, कारण चांगलं ऊन पडलं की सगळे एकदमच फोन करतात.