कमांड सापडत नाही? आधी शेललाच विचारा

‘कमांड नॉट फाउंड’ दिसलं रे दिसलं की लोक प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे सतत येते. बहुतेक वेळा प्रोग्राम डिस्कवर सुखरूप असतो, शेलला, म्हणजे तुम्ही लिहिलेली कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, तो दिसत नाही एवढंच. पुन्हा इन्स्टॉल करून कधीकधी भागतंही. पण मग मशीनवर एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती होतात आणि काही दिवसांनी तोच माणूस विचारतो, ‘नवीन आवृत्ती टाकली, तरी जुनीच का चालते?’ म्हणून माझा शिरस्ता असा: काहीही बदलण्याआधी ते नाव सध्या नेमकं कुठे जातंय ते बघायचं.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाका. ‘पाथ’ आणि ‘$होम’ कॅपिटलमध्ये, बाकी लहान अक्षरांत.)

नावाचा शोध कसा चालतो

समजा बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलमध्ये, तुम्ही ‘पायथन3’ लिहून एंटर दाबलं. शेल लगेच डिस्ककडे धावत नाही. या नावाचा अलायस, म्हणजे कमांडला दिलेलं टोपणनाव, आहे का, ते आधी बघतं. मग फंक्शन, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या कमांड. मग बिल्ट-इन, म्हणजे शेलच्या पोटातच असलेली कमांड. ‘सीडी’ हे त्याचं नेहमीचं उदाहरण: वेगळ्या प्रोसेसने फोल्डर बदललं तर ते तिच्यापुरतंच बदलेल, तुमचं शेल होतं तिथेच राहील, म्हणून ती शेलच्या आतच असावी लागते. यातलं काहीच जुळलं नाही तरच पाथची पाळी येते.

पाथ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला सोबत मिळणारी नावानिशी ठेवलेली माहिती. आत फोल्डरांची यादी असते. लिनक्स आणि मॅकवर मध्ये कोलन, विंडोजवर अर्धविराम. ‘इको $पाथ’ केलं की साधारण असं दिसतं:

/होम/युजर/.लोकल/बिन:/युएसआर/लोकल/बिन:/युएसआर/बिन:/बिन

शेल डावीकडून सुरुवात करतं, प्रत्येक फोल्डरात त्या नावाची आणि चालवायची परवानगी असलेली फाइल शोधतं, आणि पहिली सापडली की थांबतं. नवी कोणती, जुनी कोणती, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. फोल्डरच्या आतल्या फोल्डरांतही ते डोकावत नाही. ही सोय युनिक्समध्ये 1979 च्या सातव्या आवृत्तीत बॉर्न शेलबरोबर आली. त्याआधीच्या मूळ थॉम्पसन शेलमध्ये शोधायच्या जागा ठरलेल्याच होत्या.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. नावात एक जरी तिरकी रेघ असेल तर पाथ बघितलाच जात नाही. लिहिलेला मार्ग जसाच्या तसा घेतला जातो. म्हणून आपल्याच फोल्डरातली स्क्रिप्ट चालवायला ‘./चाचणी’ असं लिहावं लागतं. चालू फोल्डर मुद्दामच यादीत नसतं. सगळ्यांना लिहिता येईल अशा फोल्डरात कोणी ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) या नावाची फाइल टाकून ठेवली आणि तुम्ही तिथे जाऊन एलएस केलं, तर काय चालेल याचा विचार करा. गंमत अशी की पाथमध्ये शेवटी चुकून एक कोलन राहिला किंवा मध्ये दोन कोलन लागोपाठ आले, तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘चालू फोल्डर’ असाच घेतला जातो. दुसऱ्याचा सर्व्हर हातात आला की मी हे आधी तपासतो.

शेलला विचारायचं कसं

टाईप -ए पायथन3

उत्तर असं येतं:

पायथन3 इज /युएसआर/लोकल/बिन/पायथन3
पायथन3 इज /युएसआर/बिन/पायथन3

सगळ्यात वरचा आहे तो चालणार, खालचे त्याच्या सावलीत. जुनी आवृत्ती का चालते, याचं उत्तर बहुधा या दोन ओळींतच मिळतं. सगळीकडे ‘व्हिच’ वापरायचा सल्ला देतात; मला तो पटत नाही. बॅशमध्ये व्हिच हा बाहेरचा प्रोग्राम असतो, तो फक्त पाथ चाळतो. तुमच्या अलायसबद्दल, फंक्शनबद्दल त्याला सहसा काही पत्ता नसतो. टाईप शेलच्या आतलं आहे, त्याला सगळं ठाऊक असतं. स्क्रिप्टमध्ये तपासायचं असेल तर ‘कमांड -व्ही’ वापरा.

-ए न लावता नुसतं ‘टाईप पायथन3’ केलं तर उत्तरात कधी ‘हॅश्ड’ असा शब्द दिसतो. म्हणजे बॅशने ती जागा आधी एकदा शोधून लक्षात ठेवली आहे. दरवेळी सगळे फोल्डर चाळायला नकोत म्हणून. आता तुम्ही /युएसआर/लोकल/बिन मधली प्रत काढून टाकलीत तर त्याच टर्मिनलमध्ये बॅश हट्टाने तिथेच जातं आणि ‘नो सच फाइल’ म्हणून परत येतं, दुसरी प्रत /युएसआर/बिन मध्ये समोर असतानाही. ‘हॅश -आर’ केलं की ही आठवण पुसली जाते.

फोल्डर यादीत घालताना

एक्सपोर्ट पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"

शेवटचं ‘$पाथ’ विसरलात तर जुनी यादी जाते आणि एलएससुद्धा सापडेनासं होतं. घाबरू नका, ‘/बिन/एलएस’ असा पूर्ण मार्ग दिला की ते चालतं आणि नवीन टर्मिनल उघडलं की सगळं पूर्ववत होतं. अर्थात हीच चुकीची ओळ तुम्ही सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिली नसेल तर. नवा फोल्डर पुढे घातला तर तुमची प्रत सिस्टिमच्या प्रतीवर मात करते, मागे घातला तर सिस्टिमची जिंकते. नक्की काय हवं आहे ते ठरवा, कुठून तरी ओळ उचलून चिकटवू नका. आणि अवतरणचिन्हांत ‘~’ लिहू नका. तिथे ती होम फोल्डरमध्ये बदलत नाही, यादीत नुसतं चिन्ह जाऊन बसतं.

ही ओळ कायमची ठेवायची जागा बॅशमध्ये ‘.बॅशआरसी’. पण लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन केल्यावर सुरू होणारं शेल, ती फाइल थेट वाचत नाही, ते ‘.बॅश_प्रोफाइल’ शोधतं, ती नसेल तर ‘.बॅश_लॉगिन’, तीही नसेल तर ‘.प्रोफाइल’. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने, आत आल्यावर पाथ वेगळा दिसतो तो बहुधा यामुळेच. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून झेडशेल हे मुळातलं शेल आहे, तिथे ‘.झेडएसएचआरसी’.

फाइल बदलली म्हणून उघडी टर्मिनल बदलत नाहीत. प्रत्येक प्रोसेसला जन्माच्या वेळी आईच्या एन्व्हायरन्मेंटची प्रत मिळते, नंतर जो तो आपापला. तेव्हा नवीन टर्मिनल उघडा, किंवा आहे तिथेच ‘सोर्स ~/.बॅशआरसी’ करा.

सापडतं, पण चालत नाही

हा भाग लोकांना सगळ्यात जास्त छळतो. फाइल सापडली की शेलचं काम संपतं. ते पूर्ण मार्ग कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हाती देतं. लिनक्सच्या कर्नलला पाथ काय चीज आहे हे माहीतही नसतं. तो फाइलचे पहिले काही बाइट वाचतो. 7एफ हा बाइट आणि त्यापाठोपाठ ‘ईएलएफ’ ही अक्षरं असली तर तो तयार बायनरी प्रोग्राम. ‘#!’ असलं तर स्क्रिप्ट, आणि त्यापुढे जो मार्ग लिहिलाय तो प्रोग्राम सुरू करून स्क्रिप्ट त्याच्याकडे सोपवली जाते.

आता हे बघा. एलएसमध्ये फाइल दिसते, परवानगी आहे, तरी उत्तर येतं ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. डोळ्यांवर विश्वास बसत नाही. सापडत नाही ते स्क्रिप्ट नव्हे, पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे विंडोजवर सेव्ह केलेली फाइल. तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा, न दिसणारं अक्षर असतं, कॅरेज रिटर्न. कर्नल मग ‘पायथन3’ ऐवजी ‘पायथन3 अधिक ते अक्षर’ अशा नावाची फाइल शोधतो, आणि ती जगात कुठेच नसते. ‘कॅट -ए’ मध्ये ए कॅपिटल ठेवून फाइल बघा. ओळीच्या शेवटी ‘^एम’ दिसलं की चोर सापडला. ‘डॉस2युनिक्स’ चालवा, मिटलं. बायनरीच्या बाबतीत हाच संदेश आला तर बहुधा तिला लागणारा डायनॅमिक लोडर, म्हणजे तिला लागणाऱ्या लायब्ररी जोडून देणारा प्रोग्राम, त्या मशीनवर नाही. ‘फाइल’ कमांड त्याचा मार्ग दाखवते.

पहिल्या ओळीत ‘#!/युएसआर/बिन/एन्व्ह पायथन3’ असं लिहिलेलं दिसतं तेही याच कारणाने. कर्नल पाथ बघत नाही, एन्व्ह हा छोटा प्रोग्राम बघतो. म्हणून शोधाचं काम त्याच्या गळ्यात घालतात.

स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा, तपासत असाल तर 127 म्हणजे सापडलं नाही, 126 म्हणजे सापडलं पण चालवता आलं नाही, बहुधा परवानगीअभावी. 126 आला तर पाथशी खेळत बसू नका, ‘सीएचमॉड +एक्स’ करा.

विंडोजवर

इथे सीएमडी हे जुनं शेल चालू फोल्डर आधी बघतं, मग पाथ. पॉवरशेल हे नवं शेल तसं करत नाही, त्याला ‘.\’ लागतंच. एक्सटेन्शन न देता नाव चालतं ते पाथएक्स्ट या दुसऱ्या यादीमुळे, तिच्यात .कॉम, .ईएक्सई, .बॅट वगैरे क्रमाने असतात. तपासायला ‘व्हेअर पायथन’; पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर.ईएक्सई’ असं पूर्ण लिहा, कारण तिथे नुसतं व्हेअर हे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे.

सिस्टिमचा पाथ आधी येतो, युजरचा त्याच्या मागे जोडला जातो. त्यामुळे स्वतःच्या पाथमध्ये घातलेली नवी आवृत्ती सिस्टिममधल्या जुन्या आवृत्तीपुढे हरते. ‘सेटएक्स’ने पाथ बदलू नका, ते 1024 अक्षरांपुढचं कापून टाकतं आणि तो कापलेला पाथच सेव्ह होतो. सेटिंगमधली खिडकी वापरा. पायथन लिहिल्यावर स्टोअर उघडत असेल तर तो अॅप एक्झिक्युशन अलायस आहे, सेटिंगमध्ये त्याच नावाच्या पानावर बंद करता येतो. आणि विंडोज-आर दाबून ‘विनवर्ड’ चालतं पण सीएमडीत चालत नाही, हे कोडं अनेकांना पडतं: रन खिडकी रजिस्ट्रीतली अॅप पाथ्स ही वेगळी यादीही बघते, सीएमडी नुसतं नाव टाकल्यावर ती बघत नाही.

हाताने चालतं, क्रॉनमध्ये नाही

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम, तुमची .बॅशआरसी वाचत नाही. त्याचा पाथ तुटपुंजा असतो, पुष्कळदा फक्त /युएसआर/बिन आणि /बिन. सुडोचंही (कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणारा प्रोग्राम) तसंच, त्याच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर_पाथ’ असेल तर तुमची यादी बाजूला ठेवून तो ती वापरतो. क्रॉनसाठी क्रॉनटॅबच्या, म्हणजे त्याच्या कामांच्या यादीच्या, वरच्या ओळीत पाथ लिहा. तिथे ‘$पाथ’ उलगडत नाही, त्यामुळे सगळे फोल्डर एकेक करून लिहावे लागतात. मी स्वतः क्रॉनच्या ओळीत प्रोग्रामचा पूर्ण मार्गच देतो. आणि तरीही काम अडलं तर क्रॉनमध्ये एक मिनिटापुरती ‘एन्व्ह > /टीएमपी/एन्व्ह.टीएक्सटी’ ही ओळ घालतो (नुसतं एन्व्ह सगळी एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल छापतं), आणि ती फाइल माझ्या टर्मिनलमधल्या एन्व्हशी ‘डिफ’ लावून ताडून बघतो.