जुना सीएनसी राउटर बसवताना आणि सुधारताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आमची सुतारकामाची शेड आहे. सागवानाची दारे, देवघरांच्या जाळ्या आणि श्रावणात तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल, असे काम तेथे चालते. चार बाय आठची शीट बसेल असा, व्यवहारात १३२५ म्हणून ओळखला जाणारा, एक जुना सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारे-कोरणारे मशीन, आम्ही घेतला, तेव्हा तो एकदाही सुरू होण्याआधी त्याला नवे काय काय लावायचे याची यादी आमच्याकडे तयार होती. नवा कंट्रोलर (मशीनला आज्ञा देणारा भाग), मोठा स्पिंडल (कोरणारे पाते फिरवणारी मोटर), अक्ष सरकवणाऱ्या वेगवान मोटरी असे बरेच काही तिच्यात होते. ती यादी हीच पहिली चूक होती, कारण जुन्या मशीनचा दोष लोखंडात आहे, विजेत आहे की नियंत्रणात आहे हे कळण्याआधी एखादा भाग बदलला, तर पुढे दिसणारा बिघाड जुना की आपण नव्याने आणलेला, हे सांगता येत नाही.

म्हणून मशीन टेंपोतून उतरल्यावर पाना हाती घेण्याआधी फोटो काढावेत. प्रत्येक वायर कोणत्या टर्मिनलला आहे, मोटरींना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरवरील बारीक स्विच वर आहेत की खाली आहेत, व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या उपकरणाच्या) पॅरामीटरचे आकडे काय आहेत आणि कंट्रोलरमध्ये प्रत्येक अक्षासाठी मिलिमीटरमागे मोटरच्या स्टेप (टप्पे) किती भरलेल्या आहेत, हे सगळे वहीत उतरवावे. जुन्या संगणकातील सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी. त्या संगणकाची हार्डडिस्क प्रवासातील हादऱ्यांनंतर किती दिवस चालेल याचा भरवसा नसतो. उतरवताना क्रेनचा पट्टा गँट्रीला, म्हणजे स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या कमानीला, कधीही अडकवू नये. वजन बेडच्या (मशीनच्या टेबलाच्या) चौकटीवरच घ्यावे, कारण गँट्री एकदा पिळली की ती सरळ करण्यात मशीनच्या किमतीचा मोठा वाटा जातो.

जमीन आणि पाणसळ

या भागात सर्वाधिक त्रास देणारी चूक कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत सापडत नाही, कारण ती काळ्या मातीची आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आम्ही वैशाखात शेडच्या जुन्या कोब्यावर मशीन ठेवले, चारही पाय पाणसळीत आणले, बेडवरची एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) स्पिंडलनेच सपाट करून घेतली आणि निश्चिंत झालो. भाद्रपदात एका देवघराची जाळी कोरताना एका कोपऱ्यात नक्षी खोल आणि तिरप्या समोरच्या कोपऱ्यात ती जेमतेम खरवडल्यासारखी दिसू लागली. फरक जवळजवळ दीड मिलिमीटरचा होता. आठ दिवस आम्ही सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत राहिलो. शेवटी आमच्या वृद्ध मिस्त्रींनी काही न बोलता पायाखाली आगपेटीचे कव्हर सरकवून पाहिले: तीन पाय कोब्यावर घट्ट होते आणि चौथ्याखालून कव्हर आरपार जात होते.

खालची माती फुगून कोबा उचलला गेला होता आणि बेडची चौकट पिळली होती. पातळ पत्र्याच्या चौकटीचे मशीन स्वतःच्या वजनाने जमिनीचा आकार घेते, ही गोष्ट विकत घेताना कोणी सांगत नाही. यावर उपाय गावातील कोणताही गवंडी जाणतो. घराच्या पायाला जे करतात तेच येथे करायचे. मशीनच्या जागेपुरती काळी माती खोदून काढावी, मुरूम भरून पाणी मारत ठोकून घ्यावा आणि त्यावर भिंतीपासून सुटा असा सळईचा काँक्रीटचा थर टाकावा. पायांखाली जाड लोखंडी पट्ट्या आणि उंची कमीजास्त करता येणारे बोल्ट असावेत. एवढे करूनही आमच्याकडे पाणसळ वर्षातून दोनदा तपासली जाते, पावसाळा लागण्याआधी आणि दिवाळीनंतर जमीन वाळू लागली की. एमडीएफही पावसाळी हवेत फुगते, त्यामुळे तिचा वरचा पापुद्रा पुन्हा काढण्याची वेळही साधारण तीच असते.

गुण्यात आहे का?

पाणसळीनंतर गुण्या, म्हणजे काटकोन, पाहावा. बेडवर एक मीटर बाजूचा चौरस मशीनकडून हलकेच आखून घ्यावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ते प्रत्येकी १४१४.२ मिलिमीटर भरायला हवेत. दोन कर्णांत दोन मिलिमीटरचा फरक असेल, तर गँट्री मीटरमागे सुमारे १.४ मिलिमीटर तिरकी चालते आहे. असे दार चौकटीत बसवताना सुताराला रंधा मारत बसावे लागते आणि दोष लाकडावर जातो. स्पिंडलचा ओळंबाही डायल गेजने (बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाने) पाहावा. गेज स्पिंडलला आडव्या दांडीवर बांधून हाताने गोल फिरवला की, स्पिंडल बेडला काटकोनात नसल्यास काटा लगेच सांगतो. ही दोन्ही कामे आटोपण्याआधी बेड सपाट करू नये. वाकड्या स्पिंडलने सपाट केलेल्या बेडवर प्रत्येक फेरीची बारीक पायरी राहते आणि ती बोटाला जाणवते.

मापात ढिलाई आढळली की लोक लगेच बॉलस्क्रूचे (अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूचे) नट मागवतात. त्याआधी स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगचा लॉकनट आणि मोटर व स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे बारीक स्क्रू पाहावेत. कपलिंग आणि शाफ्ट या दोहोंवरून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवावी. दिवसभराच्या कामानंतर ती रेघ तुटलेली दिसली, तर दोष हाती लागला आणि नटाचे पैसे वाचले. रॅकला (गँट्री ज्यावर सरकते त्या दातेरी पट्टीला) मात्र तेलाने न्हाऊ घालू नये, कारण सागवानाचा बारीक भुसा तेलात बसून घासणारा लेप तयार होतो.

वीज

ग्रामीण फीडरवर दाब कधी खाली जातो, तर शेजारचे पंप बंद झाले की एकदम वर उसळतो. स्टेपर मोटरीचा (टप्प्याटप्प्याने फिरून अक्ष सरकवणाऱ्या मोटरीचा) पुरवठा दबला की मोटर वेगात असताना स्टेप सोडते आणि काम मध्येच सरकते, म्हणून कंट्रोलर व ड्रायव्हर यांना चांगला स्टॅबिलायझर द्यावा, ही सुधारणा कोणत्याही नव्या मोटरीपेक्षा आधी करावी. पंपाला कंडेन्सर लावून काम भागवण्याची सवय आपल्याकडे अनेकांच्या हातात आहे. व्हीएफडी आणि स्पिंडल यांच्यामध्ये असा कंडेन्सर लावला, तर व्हीएफडी जळतो. त्या मधल्या तारेत चालू-बंद करण्याचा स्विचही नसावा. तसेच ड्रायव्हर चालू असताना स्टेपर मोटरची तार सोडवू नये. ड्रायव्हर निकामी व्हायला एवढे कारण पुरते.

व्हीएफडी बदलताना झालेली आमची चूक सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती पुन्हा पुन्हा घडताना दिसते. स्पिंडलच्या पाटीवर २२० व्होल्ट, ४०० हर्ट्झ आणि मिनिटाला २४००० फेरे असे लिहिलेले होते. जोडणी करायला आलेल्या कारागिराचा हात पंपांवर बसलेला असल्याने, नव्या व्हीएफडीत मूळ वारंवारिता (जिच्यावर पूर्ण व्होल्टेज मिळते ती) कारखान्याची ५० हर्ट्झच राहिली. ४०० हर्ट्झच्या स्पिंडलला ५० हर्ट्झवर साधारण २७ व्होल्ट पुरतात. आमच्या स्पिंडलला त्या जागी पूर्ण २२० मिळाले. तो फिरला, गुरगुरला, दोन मिनिटांत हात लावू देईना आणि मग वार्निश जळल्याचा वास शेडभर पसरला. म्हणून स्पिंडलची तार जोडण्याआधी मूळ वारंवारिता, कमाल वारंवारिता, व्होल्टेज आणि करंट हे चार आकडे पाटीशी ताडून पाहावेत. जो व्हीएफडी दोन-तीन वर्षे गोदामात पडून होता, त्याला एकदम पूर्ण दाबही देऊ नये. आतले कपॅसिटर सुस्तावलेले असतात. व्हेरिअॅकने (दाब कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) दाब काही तासांत हळूहळू चढवला तर ते पुन्हा सावरतात.

बहुतेक व्हीएफडी ४० अंश तापमानापर्यंत पूर्ण क्षमतेचे असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ पर्यंत जातो, टिनाच्या शेडचे तर विचारूच नये. व्हीएफडीची पेटी उन्हाच्या भिंतीवर लावू नये, तिला गाळणी असलेला पंखा द्यावा आणि दुपारचे जड काम सकाळी आटोपावे. पाण्याने थंड होणारा स्पिंडल असेल तर बोअरचे क्षाराचे पाणी त्यात घालू नये.

अर्थिंगकडे दुर्लक्ष झाले की मशीन भूत लागल्यासारखे वागते: कोणी हात न लावता लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोहोचल्याचे सांगणारा) लागल्याचा इशारा येतो आणि काम थांबते. व्हीएफडीची तार शिल्डची असावी, ती मोटरीच्या तारांपासून वेगळ्या वाटेने न्यावी आणि शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करावी. कोळसा-मिठाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, म्हणून त्यात पाणी टाकण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे.

कंट्रोलर बदलण्याआधी

जुन्या संगणकावर पॅरलल पोर्टने (जुन्या प्रिंटरच्या जोडणीने) मशीन चालवणारे माक-थ्री हे सॉफ्टवेअर असेल, तर नवा लॅपटॉप आणून काम भागेल असे समजू नये. त्याचा पॅरलल पोर्टचा सॉफ्टवेअर ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, आणि बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल तार प्रिंटरसाठी असते. स्टेपचे पल्स तिच्यातून जात नाहीत. वेगळे मोशन कार्ड (संगणकाला जोडून स्टेपचे पल्स देणारे) किंवा हातात धरायचा, संगणकाशिवाय चालणारा डीएसपी कंट्रोलर घ्यावा. माझे मत डीएसपीच्या बाजूने आहे, कारण शेडमध्ये भुसा आणि वीज जाणे हे दोन्ही संगणकाचे वैरी आहेत. नवा कंट्रोलर लावल्यावर इमर्जन्सीचे बटण दाबून स्पिंडल खरोखर थांबतो का, हे आधी पाहावे. जुन्या मशीनमध्ये ते बटण पुष्कळदा फक्त कंट्रोलरला निरोप देते आणि स्पिंडल फिरतच राहतो.

स्टेपचा हिशेब साधा आहे. फेऱ्याला दोनशे स्टेपची मोटर, आठ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग) आणि पाच मिलिमीटर पिचचा स्क्रू असेल, तर १६०० भागिले ५, म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला ३२० स्टेप. हा आकडा दहा मिलिमीटरच्या तुकड्यावर मोजून बदलू नये. निदान ५०० मिलिमीटर चालवून मोजावे आणि स्क्रूची ढिलाई झाकण्यासाठी तर त्याला हात लावूच नये.

माप चुकते तेव्हा

चूक कशी वाढते, यावरून ती कोठे आहे हे कळते. अंतराच्या प्रमाणात चुकत असेल तर स्टेपचा आकडा चुकलेला आहे. दिशा बदलली की ठराविकच फरक येत असेल तर ढिलाई आहे. मधूनच एकदम उडी पडत असेल, तर अडकलेला भुसा, दबलेली वीज किंवा जास्त ठेवलेले अॅक्सिलरेशन (वेग वाढण्याची गती) पाहावे. सर्वांत फसवी चूक हळूहळू वाढणारी असते. आमच्याकडे ती तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात आली: सकाळी कोरलेल्या बैलांचे डोळे नीट होते, दुपारपर्यंत ते खोल गेले आणि संध्याकाळच्या बैलांना डोळ्यांच्या जागी खळगे पडले. झेड अक्ष (स्पिंडल वर-खाली नेणारा) वर-खाली होताना प्रत्येक फेरीला एकच स्टेप हरवत होता. ३२० च्या हिशेबाने एक स्टेप ०.००३ मिलिमीटरचा, म्हणून कोणालाच दिसला नाही. पण चारशे फेऱ्यांनंतर तो सव्वा मिलिमीटर झाला होता. स्क्रू, कपलिंग, मोटर सगळे ठीक निघाले. नव्या कंट्रोलरमध्ये स्टेपच्या पल्सची पोलॅरिटी (विजेच्या संकेताची दिशा) उलट भरलेली होती. ती बदलून, स्पिंडल बंद ठेवून, झेड पाचशे वेळा वर-खाली केला आणि डायल गेजचा काटा शून्यावर परतलेला पाहिल्यावरच उरलेले बैल बेडवर चढवले.