सस्पेन्शनमुळे पासिंगला फेल? निदान या चुका तरी करू नका

पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, गाडी फेल झाली की मालक गेटबाहेर येऊन पहिला फोन मेकॅनिकला लावतो. मेकॅनिक गाडी न पाहताच सांगतो, "शॉकप (शॉक अॅब्सॉर्बर) गेले असतील, टाकून घे." खिशाला भोक पडतं ते इथे. गाडी एमएच-31 ची असो, 40 ची की 49 ची, आपल्या नागपुरात वाडीपासून कामठी रोडपर्यंत हेच चालू आहे.

शेरा न वाचता सामान आणणे

काटोलकडून कळमन्याला संत्री आणणारा एक गाडीवाला. छोटा हत्ती, ऐन आंबिया बहाराचे दिवस, त्यामुळे घाई. समोरचे दोन्ही शॉकप नवे टाकले, पुन्हा गेला, पुन्हा फेल. मग गाडी माझ्याकडे आली. "भाऊ, आवाज तर समोरूनच येऊन राहिला होता ना!" फेल झाल्याचा कागद विम्याच्या फायलीत घडी घालून ठेवलेला. उघडला तर त्यावर सरळ लिहिलेलं: किंगपिनला प्ले, म्हणजे चाक ज्या पिनेवर वळतं तिच्यात ढिला खेळ. शॉकपचं नावही नव्हतं.

शॉकप फक्त पाट्याची (लीफ स्प्रिंगची) उसळी दाबतो, चाक जागेवर धरून ठेवणं त्याचं काम नाही. ते काम किंगपिनचं, कारमध्ये बॉल जॉइंटचं. एक्सलखाली जॅक लावून चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं, तर टक-टक हाताला लागत होतं. मग त्याच्या पोराला ब्रेक दाबून ठेवायला लावला. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर दोष बेअरिंगचा, तरीही राहिला तर किंगपिनचा. राहिला. चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवल्यावर खेळ लागला, तर आधी टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा सांधा, पाहायचा. एवढं पाहायला फार तर दहा मिनिटं लागतात, पण ती कोणाकडे नसतात. नवे शॉकप काढून दुकानदाराला परत द्यायला गेला, तर त्याने अर्थातच घेतले नाहीत.

किंगपिनचं किट आणलं म्हणजे काम झालं असंही नाही. पिनेभोवतीचे बुश प्रेसने बसवून रीमर (भोक नेमक्या मापात कोरणारं हत्यार) मारावा लागतो, वरचा आणि खालचा एका रेषेत. हातोडीने ठोकून, कानशीने घासून "बसला भाऊ" म्हणणाऱ्या पोरांना मी गाडीला हात लावू देत नाही. रीमर नसेल तर लेथवाल्याकडे जा, त्यात लाज कसली?

हवेत लटकत्या चाकावर बुशचे बोल्ट कसणे

ही माझी खास चीड आहे, कारण ही चूक शिकलेले मेकॅनिकही करतात. कारच्या लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश बदलला, गाडी जॅकवर आहे, चाक लोंबतंय, आणि पठ्ठ्याने तिथेच बोल्ट गच्च कसला. गाडी खाली आली की आर्म वर उचलला जातो आणि रबर पीळ पडलेल्या अवस्थेत अडकून बसतं. त्यानंतर आपल्या सिमेंट रोडच्या कडेची ती पायरी आणि मे महिन्यातलं 45 अंशाचं ऊन. काही महिन्यांत बुश फाटतो, आणि मालक बोंबलतो की सामान डुप्लिकेट होतं. सामान बरोबर असतं, घाई नडते. माझी सवय अशी: बोल्ट नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, मागून-पुढून दाबून एकदा झुलवायची, आणि मगच पाना मारायचा. खाली झोपावं लागतं, पाठ दुखते, ते मान्य.

पासिंगच्या सकाळी ग्रीस ठासणे

ग्रीसने आवाज दबतो, झिजलेलं लोखंड भरून येत नाही. स्वयंचलित तपासणी केंद्रावर चाकाखालची प्लेट हायड्रॉलिकने आडवी-उभी सरकते, तिथे प्ले दिसतोच. ग्रीस वर्षभर भरा, तेही एक्सल उचलून. वजन चाकावर असताना दाबाच्या बाजूला ते पोचत नाही.

एकाच बाजूचा पाटा किंवा शॉकप बदलणे. गाडी कलते, ब्रेकला ओढते. जोडीनेच बदला. आणि जास्त माल भरायला जादा पाटा घालून पासिंगला जाणाऱ्यांना मी काय सांगू!

पाटा एक्सलला बांधणारे यू बोल्ट एकदाच कसणे. माल भरून काही दिवस गाडी चालली की पुन्हा कसा.

अलाइनमेंट न करता परत जाणे. टाय रॉड एंड किंवा किंगपिन हलला की टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, बदलतो. किंगपिनमध्ये पास झालेली गाडी मग साइड स्लिपमध्ये, म्हणजे चाक आडवं सरकतं का ते पाहणाऱ्या चाचणीत, फेल होते.

"चार फेऱ्या मारून घेतो, मग काम करू". मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 56 प्रमाणे फिटनेस नसलेली मालवाहू गाडी वैध नोंदणीची धरली जात नाही. रस्त्यात अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडायला कोणता कागद दाखवणार? आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी, म्हणजे तारीख आधीच माहीत असते. महिनाभर आधी गाडी जॅकवर चढवा, कारण शेवटच्या आठवड्यात आलेल्यांना माझ्याकडेही रांगेतच थांबावं लागतं.

आणि परत तपासणीला जाताना काढलेलं जुनं सामान आणि बिल डिकीत ठेवा. साहेबाने विचारलं, "बदललं काय?" तर तोंडाने सांगण्यापेक्षा झिजलेली पिन हातात दिलेली बरी.