पाच किलोवॉटमध्ये एक आठवडा: एग बेटावर घर घेऊन राहताना

मी ग्लासगोत राहते. आई-बाबा दोनदा आले, दोन्ही वेळा त्यांना स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एग बेटावर आठवडाभर भाड्याने घर घेऊन ठेवलं. ओळखीतले बरेच जण तयारी विचारतात, म्हणून लिहिते.

घर ठरवताना फोटो नंतर बघा. आधी विचारा: स्वयंपाक गॅसवर आहे की विजेवर, लाकडं भाड्यात धरली आहेत का, आणि धक्क्यावरून सामान कोण नेणार? पाहुण्यांना बेटावर गाडी आणता येत नाही. बोट लागते दक्षिणेला गॅल्मिसडेलला, आणि भाड्याची बरीच घरं उत्तरेला क्लीडेलला. मध्ये पाच-सहा किलोमीटरचा चढउताराचा रस्ता. जाहिरातीत लायसन्स नंबर आहे ना, तेही बघा. स्कॉटलंडमध्ये अशा घरांना तो सक्तीचा आहे.

आता वीज, कारण इथलं घर चालतं ते तिच्या हिशोबावर. १९९७ साली रहिवाशांनी ट्रस्टमार्फत हे बेटच विकत घेतलं. तोवर आणि त्यानंतरही दहा-अकरा वर्षं बहुतेक घरं डिझेल जनरेटरवर होती. फेब्रुवारी २००८ पासून बेटाची स्वतःची वीज आहे: ओढ्यांचं पाणी, वारा आणि ऊन यांच्यावर चालणारी. सगळ्यांना पुरावी म्हणून प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉटची मर्यादा. किटली ३ किलोवॉट खाते, ओव्हन दोन-अडीच. दोन्ही एकदम लावलेत की अंधार. पहिल्याच संध्याकाळी आमच्याकडे तसं झालं आणि घरमालकीणबाईंना वीज पूर्ववत करायची व्यवस्था करावी लागली. मला फार अवघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी प्रत्येक उपकरण उलटं करून त्याखालचा आकडा वाचला आणि किटलीवरच्या भिंतीला कागद चिकटवला. तुम्हीही पोचल्या पोचल्या हेच करा. सकाळी पाणी उकळून थर्मासात भरून ठेवा, मग ओव्हन. वॉशिंग मशीन दुपारी, शेगडी बंद असताना. हेअर ड्रायर चालू असेल तेव्हा किटली नाही. फोन-लॅपटॉपची काळजी नको.

डाळ-तांदूळ, मसाले घरूनच घ्या. शेगडी गॅसची असेल तर दोन लिटरचा कुकर नक्की न्या. दूध, भाजी, अंडी मॅलेगला, म्हणजे एगची बोट सुटते त्या बंदरात, बोटीआधी घ्या. बेटावर धक्क्यापाशी दुकान आहे आणि चांगलं आहे, पण तिथला मालही बोटीनेच येतो. वारा सुटला की बोट रद्द, म्हणून दोन दिवसांचं जास्तीचं खाणं हवंच, आणि परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं नको. ग्लासगो ते मॅलेग आगगाडीला पाच तासांहून जास्त लागतात. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर आदल्या रात्री मॅलेगला मुक्काम करा.

लाकडाची शेगडी पेटवताना तिची हवेची झडप पूर्ण उघडी ठेवा, बारीक काटक्या धरल्या की मोठं लाकूड. ओलं लाकूड घालू नका, नुसता धूर होतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का, हे पहिल्याच रात्री तपासा.

उन्हाळ्यात वारा पडला की संध्याकाळी मिजेस येतात, चिलटांहून बारीक आणि चावऱ्या. दिवा लावायच्या आधी खिडक्या लावा, बाहेर जाताना डोक्यावरून जाळी घ्या.

क्लीडेलपासून चालत जाता येईल अशा अंतरावर ‘गाणारी वाळू’ आहे. क्वार्ट्झच्या कणांची ही वाळू पाय घासत चाललं की चुंईचुंई वाजते, पण कोरडी असेल तरच. आई तीन दिवस पावसात जाऊन मुकी वाळू तुडवून आली. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत ऊन पडलं आणि वाळू वाजली. समोर रम बेटाचे डोंगर, आणि आई तासभर तिथेच येरझारा घालत होती.